चार वर्षं झाली, हापूसचं उत्पन्न नाही: धीर किती धरायचा?

प्रश्न थोडक्यात असा. राजापूर तालुक्यातल्या वडिलोपार्जित वरकस, म्हणजे हलक्या डोंगरउताराच्या जमिनीत, साडेतीन एकरांवर, चार वर्षांपूर्वी हापूसची 140 कलमं लावली. दोन वर्षांपूर्वी पुण्यातली नोकरी सोडून तुम्ही गावी आलात. कलमांना यंदा मोहोर आलाय, पण तो काढून टाकायला सांगतात. शेजारच्या बागेतून पेट्या वाशीला जातात आणि शेजारी म्हणतो, "कल्टार घाला, पुढच्या वर्षी आंबा बघाल." घरात बोललं जातं की चार वर्षं फुकट गेली. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की धीर धरायचा तो नेमका किती, आणि आपण धीर धरतोय की नुसतेच अडकून पडलोय, हे ओळखायचं कसं?

शेवटचा प्रश्न सगळ्यात चांगला आहे. पण त्याच्याकडे जायचा रस्ता कल्टारवरून जातो, म्हणून आधी तेच सांगतो: या कलमांना कल्टार घालू नका. पुढच्या वर्षीही नको, त्याच्या पुढच्या वर्षीही नको.

कारण समजून घ्या, म्हणजे पुन्हा कोणी आग्रह केला तर मन डळमळणार नाही. कल्टार म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल. झाडाची वाढ ज्या जिब्रेलिन नावाच्या संप्रेरकावर चालते, ते झाडात तयार होणंच हे द्रव्य दाबून टाकतं. पालवीचा जोर आवरला की झाड मोहोराकडे वळतं, मोहोर लवकर येतो, आणि हापूसची एक वर्ष धरायचं, एक वर्ष सोडायचं ही सवयही बरीच मोडते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने यावर मोठं काम केलंय आणि शिफारस नीट आखून दिली आहे: दहा वर्षांच्या वरचं, निरोगी, चांगल्या विस्ताराचं झाड, विस्ताराच्या व्यासाच्या दर मीटरला 3 मिली, वेळ 15 जुलै ते 15 ऑगस्ट, आणि कल्टार घातलेल्या झाडाला नेहमीच्या दीडपट खत. तंत्र उत्तम आहे. त्यावर अनेक घरं उभी राहिली. पण त्यातली पहिलीच अट दहा वर्षांची आहे, आणि ती उगाच घातलेली नाही.

तुमच्या कलमाचं आत्ताचं सगळं काम वाढण्याचं आहे. मुळं खड्ड्याच्या बाहेर काढून जांभ्याच्या फटी शोधायच्या, खोड जाड करायचं, पुढे आंब्याचं ओझं पेलतील अशा फांद्या तयार करायच्या. नेमकी हीच वाढ कल्टार थांबवतं. चार वर्षांच्या झाडाला ते घातलं तर दोन वर्षं मोहोर दिसेल, थोडा आंबाही मिळेल, आणि झाड माणसाच्या उंचीचं, आखूड पेऱ्यांचं, गुच्छासारख्या पालवीचं होऊन बसेल. पंधराव्या वर्षी जे झाड पाच-सहा पेट्या सहज द्यायचं, ते दोन पेट्यांवर अडेल. शिवाय हे द्रव्य मातीत बराच काळ राहतं. आज घातलं आणि उद्या पश्चात्ताप झाला म्हणून काढून घेता येत नाही.

शेजाऱ्याची बाग किती वर्षांची आहे, ते तुम्ही लिहिलेलं नाही. पेट्या वाशीला जाताहेत म्हणजे पंधरा-वीस वर्षांची तरी असावी. 1990 साली राज्यात रोजगार हमी योजनेला फळबाग लागवडीची जोड मिळाली आणि कोकणातल्या कितीतरी वरकस डोंगरउतारांवर आंबा-काजू उभा राहिला. आज रस्त्याने जाताना ज्या भरलेल्या बागा दिसतात, त्यातल्या बऱ्याच त्या लाटेतल्या आहेत. त्या बागांची पहिली सहा-सात वर्षं कोणी पाहिलेली नसतात. तुम्ही आपल्या चौथ्या वर्षाची तुलना त्यांच्या विसाव्या, तिसाव्या वर्षाशी करताय. नोकरीत, धंद्यात, गाण्याबजावण्यातही माणूस हेच करतो आणि त्यातून येणाऱ्या निराशेला स्वतःची कुवत समजतो.

आता मोहोराचं. पहिली तीन-चार वर्षं मोहोर काढून टाकावा, ही शिफारस तुम्हाला कोणीतरी सांगितली, ती बरोबर आहे. कलम हे मुळात मोठ्या, फळत्या झाडाच्या काडीपासून बांधलेलं असतं. काडीचं वय झालेलं असतं, म्हणून ते पहिल्या-दुसऱ्या वर्षीच फुलायला बघतं. अंगात बळ मात्र रोपाचंच असतं. एका तुऱ्यात शेकड्याने फुलं असतात, त्यातली बहुतेक नर. सगळं उमलून गळून शेवटी एखाद-दुसरी कैरी टिकते. तेवढ्यासाठी झाडाने वर्षाची कमाई खर्च करायची आणि नवी पालवी काढायची नाही, हा सौदा लहान वयात परवडत नाही. तुरा बोटभर असतानाच बुडातून खुडा. उमलू दिला की खर्च होऊन गेलेला असतो, मग खुडण्यात फारसा अर्थ उरत नाही.

पण यंदा सगळ्याच 140 झाडांचा मोहोर काढा असं मी म्हणणार नाही. ज्या झाडांचं खोड मनगटाहून चांगलं जाड आहे, ज्यांना चारही बाजूंना फांद्या आहेत आणि ज्यांनी गेल्या पावसाळ्यानंतर दमदार पालवी काढली, अशी आठ-दहा झाडं निवडा. त्यांच्यावर दोन-तीन तुरे ठेवा. घरात आंबा येईल, आई-वडील हातात घेऊन बघतील. चार वर्षं नुसतं शेण-पाणी बघितलेल्या माणसांना एवढं मिळायला हवं. धीर धरायचा म्हणजे घरच्यांना कोरडं ठेवायचं, असं कुठे आहे?

"आजोबाने लावावं, नातवाने खावं" असं आपल्याकडे म्हणतात आणि बागेत नवा आलेला माणूस त्याने उगाच धसका घेतो. ते रायवळाबद्दल आहे, कोयीपासून वाढलेल्या झाडाबद्दल. कलमाचा हिशेब इतका लांब नाही. पाचव्या-सहाव्या वर्षी विकण्याजोगा आंबा दिसायला लागतो, दहाव्या वर्षी बाग स्वतःचा खर्च भागवून वर देते, पंधराव्याच्या पुढे भर येतो आणि नीट सांभाळलं तर तो भर तुमच्या हयातीत संपत नाही. म्हणजे वाट बघायची आहे ती पिढ्यांची नाही, आणखी चार-सहा वर्षांची. हे आकडे कागदावर लिहून घरात लावा. किती वाट बघायची ते माहीत नसलं की माणूस जास्त थकतो.

अडकून पडणं आणि धीर धरणं यातला फरक मला बागेत एकाच गोष्टीवरून कळतो: या वर्षी या झाडाला काय दिलं, आणि त्याने त्यातून काय केलं, हे सांगता येतं का? येत असेल तर तुम्ही धीर धरताय. येत नसेल तर नुसतीच वर्षं जाताहेत.

खताचंच घ्या. दहा वर्षांच्या पुढच्या पूर्ण वाढीच्या झाडाला सुमारे 50 किलो शेणखत, दीड किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद आणि जोडीला पालाश, अशी मात्रा सांगतात. पहिल्या वर्षी त्याचा दहावा हिस्सा द्यायचा, दुसऱ्या वर्षी दोन हिस्से, तिसऱ्या वर्षी तीन, असं वाढवत दहाव्या वर्षी पूर्ण मात्रेवर यायचं. चार वर्षांच्या झाडाला दहा वर्षांचं खत घातलं तर ते दहा वर्षांचं होत नाही. आपल्याकडच्या तीन हजार मिलिमीटरच्या पावसात जास्तीचं खत ओहोळातून खाडीला जातं, आणि जे उरतं त्याने कोवळ्या मुळांना इजा होते. उलट चौथ्या वर्षी पहिल्या वर्षाचंच घमेलंभर खत घालत राहिलात तरी झाड तिथेच थांबतं. दरवर्षी एक पायरी वाढवायची, ना दोन ना शून्य. हे फार साधं वाटतं, पण बागायतदार सगळ्यात जास्त इथेच चुकताना दिसतात. पहिली दोन वर्षं उत्साहाने सगळं होतं, तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ नाही म्हणून हात आखडतो, आणि झाडाला तेव्हाच जास्त हवं असतं.

पाण्याचं नेमकं उलट. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, दुसऱ्या उन्हाळ्यात एकदा, तिसऱ्या उन्हाळ्यात पंधरवड्यातून एकदा, आणि मग हळूहळू बंद. पाण्याची सवय सुटत जाते तशी मुळं खोल जातात. तुम्ही लिहिलंय की ठिबक अजून रोज चालू आहे. ते या उन्हाळ्यापासून कमी करा. आळ्यात वाळक्या गवताचं जाड आच्छादन टाका आणि पाण्याच्या पाळ्यांमधलं अंतर वाढवत न्या. काही झाडं दुपारी मान टाकतील, संध्याकाळी सावरतात का ते बघा. सावरत असतील तर ती तयार आहेत.

कलमाच्या जोडाखालून येणारे फुटवे दर पावसाळ्यानंतर बघून काढताय ना? हे मुद्दाम विचारतो, कारण वाढ जोरात दिसली म्हणून खूश होणारे लोक मी बघितलेत आणि ती वाढ खालच्या रायवळ खुंटाची असते. वरची हापूसची काडी कधीच मागे पडलेली असते. सहा-सात वर्षं जिवापाड सांभाळायचं आणि शेवटी रायवळ फळतो. एकेका झाडाजवळ बसून जोड बघा. तसंच खोडाच्या बुडाशी भुसा पडलेला दिसला तर भिरूड लागलीय असं समजा. तारेच्या हुकाने अळी ओढून काढा, भोकात औषधाचा बोळा घाला आणि चिखलाने लिंपून टाका. मोठं झाड भिरुडीशी काही वर्षं झगडतं, लहान कलम एका हंगामात बसतं. आणि दिवाळीच्या सुमारास बागेभोवतीचं गवत कापून जाळपट्टा काढायचा, नाहीतर माळावरचा वणवा तुमची चार वर्षं एका दुपारी घेऊन जाईल.

यातलं कुठलंही काम फळ देत नाही. म्हणूनच त्याची नोंद ठेवायला सांगतो. झाडांना क्रमांक द्या. दरवर्षी दसऱ्याला जमिनीपासून एक फूट उंचीवर खोडाचा घेर मोजा, विस्तार दोन बाजूंनी मोजा, वर्षात पालवी किती वेळा आली ते लिहा. एका वहीत 140 ओळी, जास्त काही नाही. फळ नसलेल्या वर्षांत प्रगती बघायला हीच जागा आहे. घेर वाढतोय, विस्तार वाढतोय, पालवी वेळेवर पक्व होतेय, तर झाड आपलं काम करतंय आणि तुम्ही तुमचं. दुसऱ्या वर्षीची वही उघडून बघाल तेव्हा घरच्यांना उत्तर द्यायला शब्द शोधावे लागणार नाहीत.

त्याच वहीतून धीर कुठे धरायचा नाही हेही कळेल, आणि हा भाग लोक सांगत नाहीत. साधारण दहा-पंधरा झाडं अशी निघतील की ज्यांचा घेर दोन वर्षांत हललेलाच नाही. एक तर खाली सलग कातळ आहे आणि खड्डा नीट फुटलेला नाही, किंवा कलमच मुळात कमकुवत होतं. त्यांच्यावर आणखी पाच वर्षं माया करू नका. त्या जागी खड्डा पुन्हा खोदा, मीटरभर लांब, रुंद, खोल करा, माती-शेणखत भरा आणि जूनमध्ये नवं कलम लावून नांग्या, म्हणजे रिकाम्या पडलेल्या जागा, भरून घ्या. तीन पावसाळे पोटभर दिल्यावरही जे झाड हलत नाही, त्याच्यापाशी थांबणं हा धीर नव्हे. माणसं हे झाडाच्या बाबतीत पटकन मान्य करतात. स्वतःच्या एखाद्या बेताबाबत मात्र मान्य करायला त्यांना फार वेळ लागतो.

पैशाचं बोलायला हवं, कारण रिकाम्या खिशाने कोणाचाच धीर टिकत नाही. बाग धरू लागेपर्यंत बागेने घर चालवावं ही अपेक्षाच चूक आहे. 10 बाय 10 मीटरवर लागवड केलीत, म्हणजे एकरी 40 झाडं, आणि मधली बहुतेक जमीन अजून मोकळी आहे. जिथे माती आहे तिथे पावसात नाचणी, वरी किंवा भुईमूग, पाऊस सरल्यावर ओलीवर कुळीथ, पाणी असेल तिथे कलिंगड किंवा भाजी. याने श्रीमंत होणार नाही, पण बागेत रोज पाय पडतो, जमीन हलती राहते, आणि बागेचा वर्षाचा काही खर्च तरी निघतो. जी जमीन आंब्याला हलकी वाटली म्हणून सोडलीत, तिथे वेंगुर्ला-4 किंवा वेंगुर्ला-7 जातीचा काजू लावा. तो तिसऱ्या-चौथ्या वर्षी बी द्यायला लागतो. आणि तुमचं जुनं काम घरून, थोड्या तासांचं मिळत असेल तर ते जरूर घ्या. बाहेरची थोडी मिळकत असलेला माणूस झाडावर घाई लादत नाही. माझ्या पाहण्यातल्या टिकलेल्या बागांपैकी बहुतेकांच्या मागे पहिली दहा वर्षं शिक्षकाचा पगार, मुंबईच्या भावाची मनीऑर्डर किंवा भाताची शेती होती.

पैसे कमी पडले की दुसरा एक मोह समोर येतो, तो आत्ताच ओळखून ठेवा. बाग फळायला लागली की कोणीतरी येईल आणि म्हणेल, पाच वर्षं कराराने द्या, रक्कम आगाऊ घ्या. काही करारदार सचोटीने बाग राखतात. पण ज्याला पाच वर्षांनी जायचंय, त्याला सहाव्या वर्षाच्या झाडाची काळजी का असावी? कल्टारची दुप्पट-तिप्पट मात्रा, खत जेमतेम, छाटणी नाही, बांडगूळ तसंच. मालकाच्या हातात परत येतात ती फांद्या वाळलेली झाडं. अशा बागा पुन्हा उभ्या करायला छाटणी करून तीन-चार वर्षं थांबावंच लागतं. जी वाट बघणं टाळलं होतं, तेच पुन्हा वाट्याला येतं, आणि तेव्हा झाड थकलेलं असतं.

एवढं करूनही हमी नाही, हे लपवत नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या कित्येकांच्या वाडवडिलांच्या नारळी-पोफळी आणि आंब्याची झाडं एका दिवसात आडवी झाली. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा झाडावर आंबा होता. कोणत्या वहीत लिहिणार हे? ज्यांनी तेव्हा फक्त पोफळीवर भिस्त ठेवली होती ते सगळ्यात जास्त खचले. ज्यांच्याकडे थोडा काजू, थोडा आंबा, थोडं भात, एखादी दुभती म्हैस होती, ते लवकर उभे राहिले आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा रोपं घेऊन गेले. म्हणून वर आंतरपिकाबद्दल आणि काजूबद्दल इतकं लिहिलं. लांबच्या कामाला जवळच्या कामांचा आधार असावा लागतो.

कितीतरी जास्त धीराने काम करणारी माणसं आपल्याच भागात आहेत, त्यांचीही आठवण ठेवा. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून कोकण कृषी विद्यापीठाने काढलेली रत्ना ही जात 1981 साली आली. रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून सिंधू आली 1992 साली. संकराचं प्रत्येक रोप कोयीपासून वाढवायचं, ते फळायला कित्येक वर्षं थांबायचं, फळ आवडलं तर कलमं बांधून पुन्हा काही वर्षं ती पारखायची, आणि बहुतेक रोपं शेवटी टाकूनच द्यायची. रत्नामध्ये साका, म्हणजे गर आतून पांढरट आणि स्पंजासारखा होणं, होत नाही, हे वाक्य आज आपण सहज म्हणतो, ते या मेहनतीतून आलंय. त्यातल्या अनेकांनी नोकरीचा अर्धा काळ एका फळामागे दिला. त्यांनीही दरवर्षी काहीतरी मोजलं, लिहिलं, पुढच्याच्या हाती दिलं.

घरात "चार वर्षं फुकट गेली" असं बोललं जातं, त्याला वाद घालून उत्तर देऊ नका. वडिलांना बागेत न्या. ज्या झाडाखाली पहिल्या वर्षी सावलीसाठी झावळ्या उभ्या केल्या होत्या, त्याच्या सावलीत आता माणूस बसू शकतो, हे त्यांना दिसेल. वरकस जमिनीची किंमत तुमच्यापेक्षा त्यांना जास्त कळते. मोजमापाची वही त्यांच्या हाती द्या. घेर मोजायचं काम त्यांनाच सांगा. कामात हात असला की बाहेरून बघणाऱ्याची घाई कमी होते.

आता पुढच्या काही महिन्यांत करायचं ते सांगतो. मोहोर खुडणं या आठवड्यात संपवा, निवडलेली झाडं तेवढी सोडा. ठेवलेल्या तुऱ्यांवर तुडतुडे आणि भुरी यांच्यासाठी फवारणीचं वेळापत्रक तालुक्याच्या कृषी कार्यालयातून घ्या, दुकानदाराच्या सांगण्यावर औषधं मिसळू नका. मे महिन्यात मातीचा नमुना तपासायला द्या, म्हणजे जूनच्या खताला पाचव्या वर्षाची मात्रा नेमकी ठरवता येईल. सलग पाऊस लागायच्या आत नांग्यांचे खड्डे भरून तयार ठेवा. जमिनीपासून पाऊण मीटरपर्यंतच्या बारीक फांद्या काढून एकच खोड ठेवा आणि वर वेगवेगळ्या दिशांच्या तीन-चार फांद्या राखा, बाकीच्या आत्ता लहान असतानाच कमी करा. एखाद्या झाडाबद्दल ठरत नसेल की ठेवावं की बदलावं, तर त्याचा खोडाचा घेर, गेल्या दोन वर्षांतल्या पालवीच्या वेळा आणि खड्डा खोदताना किती खोलीवर कातळ लागला होता, एवढं लिहून पाठवा. त्यावरून सांगता येईल.